लाराव्हेल ॲप मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर न्यायचंय: जोडणी होईल, पण पुढे काय काय बघावं लागतं?

निपाणी_पीएचपी

नमस्कार मंडळी. एका सौहार्द पतसंस्थेचं वेब ॲप आहे, लाराव्हेल १० (पीएचपीचं फ्रेमवर्क) मधलं. शाखा तीन: निपाणी, संकेश्वर, चिकोडी. ॲपचा सर्व्हर उबुंटू २४.०४ वर, पीएचपी ८.३. डेटाबेस मात्र दुसऱ्या जुन्या मशीनवर, उबुंटू १८.०४ आणि मायएसक्यूएल ५.७. या ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, त्यावर ऑडिटरनी लेखी शेरा मारलाय. कर्जवसुलीचं दुसरं ॲप आधीपासून पोस्टग्रेस १६ वर चालतं, म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी आणायचं ठरलं.

डेटा साधारण ६ जीबी, टेबलं ११०. सगळ्यात मोठं टेबल पिग्मीच्या (एजंट रोज गोळा करतो त्या बचतीच्या) नोंदींचं, ९० लाख ओळी. सभासदाचं नाव एका कॉलममध्ये मराठीत, दुसऱ्यात कन्नडात. एंट्रीचा कोड बहुतेक एलोक्वेंटमध्ये (लाराव्हेल स्वतः क्वेरी बनवतं तो भाग) आहे, पण रिपोर्ट सगळे हाताने लिहिलेल्या एसक्यूएलवर, अशा साठेक क्वेऱ्या.

एन्व्ह फाइलमध्ये (ॲपच्या सेटिंगची फाइल) डीबी_कनेक्शनला पीजीएसक्यूएल लिहिलं, पोर्ट ३३०६ चा ५४३२ केला, तर 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' येतंय. हे सुटेल, पण त्याच्या पुढे काय वाट बघतंय ते आधी कळलं तर बरं. एक रविवार मिळणार आहे. सोमवारी सकाळी काउंटर उघडलंच पाहिजे.

खानापूर_लिनक्स

ड्रायव्हरचं सोपं आहे. पीएचपी ८.३ चं पीजीएसक्यूएल पॅकेज टाका (नावात आवृत्ती जुळलीच पाहिजे, ८.१ चं टाकून ८.३ ला दिसत नाही), पीएचपी-एफपीएम (वेबसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा. मग 'पीएचपी वजा एम'च्या यादीत पीडीओ_पीजीएसक्यूएल दिसतंय का बघा. एक गंमत: ती यादी कमांड लाइनच्या पीएचपीची असते. सर्व्हरवर दोन पीएचपी असतील तर टर्मिनलमध्ये दिसेल आणि ब्राउझरमध्ये तीच एरर राहील. त्यानंतर 'आर्टिसन कॉन्फिग:क्लिअर' चालवा, नाहीतर लाराव्हेल जुनी कॅश केलेली सेटिंग वाचत बसतं आणि तुम्ही एन्व्ह फाइल दहा वेळा तपासत राहता.

डेटाबेस दुसऱ्या मशीनवर आहे, तेव्हा पोस्टग्रेसच्या बाजूला दोन ठिकाणी हात घालावा लागेल. पोस्टग्रेस आपणहून फक्त लोकलहोस्टवर ऐकतं. मुख्य कॉन्फ फाइलमधल्या 'लिसन_ॲड्रेसेस'मध्ये त्या मशीनचा लॅनचा पत्ता टाका. हा बदल रीलोडने लागत नाही, रीस्टार्ट लागतो. मग पीजी_एचबीए फाइलमध्ये एक ओळ: प्रकार होस्ट, डेटाबेसचं नाव, युजरचं नाव, ॲप सर्व्हरचा आयपी शेवटी /३२ लावून, पद्धत स्क्रॅम-एसएचए-२५६. तिथे 'ऑल ऑल ०.०.०.०/०' लिहू नका, पतसंस्थेचा डेटा आहे. या फाइलला रीलोड पुरतो.

कुठे अडकलंय ते एररवरूनच कळतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पोस्टग्रेस त्या पत्त्यावर ऐकतच नाही. बराच वेळ थांबून टाइमआउट झालं तर फायरवॉल. 'नो पीजी_एचबीए एंट्री' आलं म्हणजे दारापर्यंत पोचलात, यादीत नाव नाही. पासवर्डची एरर आली तर तिघांपुढे गेलात, आता फक्त पासवर्ड. सगळं एकाच मशीनवर असेल तर अजून एक: लोकलहोस्ट कधी आयपीव्ही६ च्या पत्त्यावर जातं आणि एचबीएमध्ये फक्त १२७.०.०.१ ची ओळ असते.

जोडणी झाल्यावर मायग्रेशन (टेबलं बनवणारा लाराव्हेलचा कोड) चालवलं की बहुतेक 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' येणार. पोस्टग्रेस १५ पासून पब्लिक स्कीमात (स्कीमा म्हणजे डेटाबेसातला टेबलांचा कप्पा) टेबल बनवायचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळत नाही. डेटाबेस बनवतानाच ॲपच्या युजरला त्याचा मालक करा, प्रश्न मिटतो. आणि बनवताना टेम्प्लेट०, एन्कोडिंग यूटीएफ८ हे स्वतः लिहा. सर्व्हर सी लोकॅलवर बसवलेला असला तर एन्कोडिंग एसक्यूएल_आस्की होऊन बसतं. त्यात मराठी साठवलेलं दिसतं, पण तपासणी कसलीच होत नाही. 'शो सर्व्हर_एन्कोडिंग' करून बघितल्याशिवाय डेटा ओतू नका.

चिकोडी_बॅकएंड

मधेच विचारतो. ऑडिटरचा शेरा ५.७ बद्दल आहे ना? मग मायएसक्यूएल ८.४ वर गेलात तरी शेरा जातो, आणि साठ क्वेऱ्यांतल्या पाचसहालाच हात लावावा लागेल. पोस्टग्रेस चांगलंच आहे, पण एका रविवारात?

निपाणी_पीएचपी

बरोबर आहे सर. पण वसुली आणि ठेवी यांचा एकत्र रिपोर्ट दर महिन्याला लागतो, आता तो एक्सेलमध्ये हाताने जोडतात. बोर्डाने ठरवलंय. तारीख मात्र माझ्या हातात आहे, महिना मागून घेता येईल.

उद्यमबाग_डीबीए

महिना घ्याच. जोडणी हे अर्ध्या तासाचं काम आहे, त्याची काळजी करू नका. ज्या क्वेरीला एरर येते तिचीही नको, ती स्वतः ओरडून सांगते. भीती वाटायला हवी ती क्वेरी बिनबोभाट चालते आणि वेगळं उत्तर देते तिची. पैशाच्या ॲपमध्ये अशा जागा मोजक्या आहेत, त्या आधी शोधा.

पहिली, भागाकार. मायएसक्यूएलमध्ये ७ भागिले २ म्हणजे ३.५. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही पूर्णांक असले तर उत्तर ३. आता व्याजाची क्वेरी बघा: मुद्दल गुणिले दर भागिले १००, गुणिले कंसात (दिवस भागिले ३६५). मुद्दल न्यूमेरिक असलं तरी कंस आधी सुटतो आणि त्यात दोन्ही पूर्णांक. ९० दिवसांच्या ठेवीला ०, ४०० दिवसांच्या ठेवीला १. म्हणजे वर्षाच्या आतल्या सगळ्या ठेवींना व्याज शून्य, एरर काही नाही. पोस्टग्रेसमध्ये तारखेतून तारीख वजा केली की पूर्णांकच येतो, त्यामुळे डेटडिफ बदलून साधी वजाबाकी लिहिली की हा खड्डा समोर असतो. ३६५.० लिहा किंवा न्यूमेरिकला कास्ट करा. एजंटाच्या कमिशनचंही तेच: कंसात (३ / १००) लिहिलं असेल तर कमिशन शून्य.

दुसरी, ऑर्डर बाय नसलेल्या क्वेऱ्या. इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) प्रायमरी कीच्या क्रमाने साठवतं, म्हणून ऑर्डर बाय न लिहिताही पासबुक बहुतेक वेळा ओळीने छापलं जायचं. पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ अपडेट झाली की तिची नवी प्रत दुसरीकडे पडते आणि ती नोंद भलतीकडेच उगवते. खात्याची चालू शिल्लक कोडमध्ये ओळीओळीने मोजत असाल तर मधल्या शिलका चुकीच्या छापल्या जातील. शेवटची बरोबर येते, म्हणून लवकर लक्षात येत नाही. नुसती तारीख लावूनही भागत नाही, तारीख आणि आयडी दोन्ही लावा.

तिसरी, नल, म्हणजे किंमतच न भरलेली जागा. मायएसक्यूएलमध्ये चढत्या क्रमात नल आधी येतात, पोस्टग्रेसमध्ये शेवटी. उतरत्यात उलट. 'शेवटचा व्यवहार, उतरता क्रम, पहिले १०' अशी क्वेरी असेल तर आता वर एकही व्यवहार न झालेली खाती दिसतील. 'नल्स लास्ट' जोडा.

चौथी, बरोबरीचं चिन्ह. मायएसक्यूएल ५.७ मध्ये शेवटची मोकळी जागा तुलनेत धरली जात नाही, आणि सीआय कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) असेल तर लहान-मोठी इंग्रजी लिपीही सारखीच. पोस्टग्रेसमध्ये टेक्स्ट म्हणजे जसंच्या तसं. खाते क्रमांकाच्या मागे कुणी स्पेस मारून ठेवला असेल तर खातं 'सापडत नाही'. आणायच्या आधी सगळ्या कोड-क्रमांकांच्या कॉलमवर ट्रिम चालवा. पॅन नंबर, ईमेल असल्या ठिकाणी यूनिक इंडेक्स लोअर(कॉलम) वर बांधा, नाहीतर एकच माणूस दोनदा सभासद होतो.

पाचवी, वेळ. जुन्या मशीनचं घड्याळ भारतीय वेळेवर असणार, नवा उबुंटू सर्व्हर बहुतेक यूटीसीवर येतो. कच्च्या क्वेरीत 'करंट_डेट' असेल तर पहाटे ५:३० पर्यंत आदल्या दिवसाची तारीख मिळते. रात्री १२:३० ला व्याज पोस्टिंगचं काम लावलं असेल तर ३१ मार्चनंतरची पोस्टिंग ३१ मार्चलाच बसेल. लाराव्हेलच्या पीजीएसक्यूएल जोडणीत टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता द्या, आणि रोलवरही 'ऑल्टर रोल ... सेट टाइमझोन' करून ठेवा, कारण क्रॉनमधून पीएसक्यूएल थेट चालवणारं कोणीतरी असतंच.

ओरडणाऱ्या एररी मग भराभर उरकतात. इफनल ऐवजी कोअलेस, ग्रुप_कॉनकॅट ऐवजी स्ट्रिंग_ॲग, डेट_फॉरमॅट ऐवजी टू_चार. बॅकटिक काढा. मजकुराभोवती दुहेरी अवतरण चालत नाही, पोस्टग्रेस त्याला कॉलमचं नाव समजतं आणि 'असा कॉलम नाही' म्हणतं. हॅविंगमध्ये सिलेक्टमधलं टोपणनाव चालत नाही, पूर्ण पद पुन्हा लिहा. 'लिमिट १०, २०' चं 'लिमिट २० ऑफसेट १०' होतं, आकडे उलटतात हे ध्यानात ठेवा. 'सम(चालू)' असं बूलियनची बेरीज करून खाती मोजली असतील तर तिथे 'काउंट(*) फिल्टर (व्हेअर चालू)'. ग्रुप बायमध्ये नसलेले कॉलम सिलेक्टमध्ये असतील तर एरर येईल. लाराव्हेलच्या मायएसक्यूएल सेटिंगमध्ये स्ट्रिक्ट फॉल्स केलेलं असेल तर अशा क्वेऱ्या तुमच्याकडे ढिगाने निघतील. तिथे कॉलम नुसता ग्रुप बायमध्ये ढकलून मोकळं होऊ नका, ओळी वाढतात आणि बेरजा फुटतात. मुळात मायएसक्यूएल कुठली तरी एक किंमत उचलत होतं, कुठली हवी होती ते शाखेत विचारा.

रकमेचे कॉलम डबल असतील तर याच वेळी न्यूमेरिक(१४,२) करा. तसंही डबलवर दोन आर्ग्युमेंटचा राउंड पोस्टग्रेसमध्ये नाहीच.

खानापूर_लिनक्स

डीबीए सरांच्या यादीत एक भर. खाते क्रमांक व्हारचार आणि क्वेरीत तो अवतरणाशिवाय लिहिलेला असेल तर पोस्टग्रेस 'कॅरेक्टर व्हेरिंग = इंटिजर असा ऑपरेटर नाही' म्हणून थांबतं. घाईत लोक कॉलम पूर्णांकात कास्ट करून मोकळे होतात. असं करू नका. मायएसक्यूएल '००१२३' आणि १२३ एकच धरायचं. तुमच्याकडे ००१२३ एका शाखेचं आणि १२३ दुसऱ्या शाखेचं खातं असलं तर हा गोंधळ आधीपासूनच चालू आहे. क्वेरीला अवतरण द्या.

आता डेटा ओतण्याचं. पीजीलोडर (मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसमध्ये डेटा नेणारं साधन) वापरा, मायएसक्यूएलचा डंप हाताने बदलत बसू नका. पण टेबलं त्याला बनवू देऊ नका. आधी पोस्टग्रेसवर लाराव्हेलचं मायग्रेशन चालवून रिकामी टेबलं उभी करा, मग पीजीलोडर 'डेटा ओन्ली'वर चालवा, मायग्रेशन्स टेबल वगळून. अडखळायच्या जागा:

टिनीइंट(१) ला पीजीलोडर बूलियन धरतं. कर्जाची स्थिती ० अर्ज, १ मंजूर, २ वाटप, ३ बंद अशी टिनीइंट(१) मध्ये ठेवली असेल तर १, २, ३ सगळे ट्रू होतात आणि बंद कर्ज कुठलं ते सांगता येत नाही. आधी मायएसक्यूएलवर प्रत्येक टिनीइंट(१) कॉलमच्या डिस्टिंक्ट किमती काढा. दोनपेक्षा जास्त निघाल्या तर कास्ट नियमात तो कॉलम स्मॉलइंट म्हणून लिहा.

डेटटाइमला ते आपणहून टाइमझोनवाला टाइमस्टँप करतं. लाराव्हेलची टेबलं बिनटाइमझोनची असतात. कास्ट नियमात डेटटाइम टू टाइमस्टँप लिहा, नाहीतर साडेपाच तासांची भानगड इथूनच सुरू होते. शून्य तारखा (०००० वर्षाच्या) पोस्टग्रेस घेत नाही, त्या नल होतील. म्हणजे तो कॉलम नॉट नल असून चालणार नाही. जन्मतारखेत अशा शेकडो सापडतात.

पीजीलोडर पब्लिकमध्ये ओतत नाही, मायएसक्यूएलच्या डेटाबेसच्या नावाची स्कीमा धरतं. 'ऑल्टर स्कीमा ... रीनेम टू पब्लिक' ही ओळ लोड फाइलमध्ये टाकायची. विसरलात तर 'डेटा ओन्ली'त पीजीलोडरला ती टेबलं सापडत नाहीत आणि ॲपला टेबल रिकामं दिसतं. ९० लाख ओळींवर 'हीप एक्झॉस्टेड' येऊन मेलं तर 'प्रीफेच रोज' ही सेटिंग (एका वेळी वाचायच्या ओळी) १ लाखावरून १० हजारावर आणा.

ओतून झालं की प्रत्येक टेबलचा सिक्वेन्स (पुढचा आयडी देणारा मोजक) मॅक्स(आयडी) वर आहे का तपासा. नसेल तर पहिली पावती फाडतानाच 'डुप्लिकेट की' येते. मग पूर्ण डेटाबेसवर व्हॅक्यूम ॲनालाइझ. ते केलं नाही तर प्लॅनरकडे आकडेवारी नसते आणि पहिला दिवस रडत जातो.

बेळगाव_युनिकोड

मराठी-कन्नड कॉलमबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हे काम ओतायच्या आधीचं.

एक नाव घेऊन मोजा. 'निपाणी' या शब्दात ६ कोडपॉइंट (युनिकोडमधले सुटे वर्ण आणि मात्रा) आहेत, यूटीएफ८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट. मायएसक्यूएलवर चार_लेंग्थ ६ आणि लेंग्थ १८ आली तर डेटा निरोगी. दोन्ही १८ आले तर कॉलम लॅटिन१ आहे आणि त्यात यूटीएफ८ चे बाइट कोंबलेत. चार_लेंग्थ १८ आणि लेंग्थ ३७ आली तर दुहेरी एन्कोडिंग झालंय: बाइटला अक्षर समजून पुन्हा यूटीएफ८ केलं. (३६ नाही, ३७. शेवटच्या दीर्घ वेलांटीतला शेवटचा बाइट युरोचं चिन्ह होतो आणि ते एकटंच ३ बाइट खातं.) जुन्या ॲपमध्ये जोडणीचा कॅरसेट न सांगितल्याने हे होतं. ॲपमध्ये मराठी नीट दिसते, कारण परत येताना तीच चूक उलटी होऊन सुटते. पीजीलोडर मात्र जे साठवलंय तेच नेतं, म्हणून सोमवारी स्क्रीनवर टोप्या घातलेली रोमन अक्षरं.

दुरुस्ती मायएसक्यूएलवरच करा. पहिल्या प्रकारात कॉलम आधी ब्लॉब, मग यूटीएफ८एमबी४ टेक्स्ट. दुसऱ्या प्रकारात कन्व्हर्ट करून लॅटिन१, कास्ट करून बायनरी, परत कन्व्हर्ट करून यूटीएफ८एमबी४. एकाच टेबलात अर्ध्या ओळी बऱ्या आणि अर्ध्या बिघडलेल्या असतात, तेव्हा व्हेअर लावून बिघडलेल्याच घ्या. बऱ्या ओळीवर हे चालवलं तर तिथे प्रश्नचिन्हं उरतात, ती परत येत नाहीत.

कन्नड कॉलममध्ये नुडीच्या जुन्या फॉन्टचा किंवा मराठीत श्रीलिपीचा मजकूर असला तर तो युनिकोडच नाही, फॉन्ट काढला की नुसती रोमन अक्षरं. त्याला वेगळं कन्व्हर्टर लागतं. डेटाबेस बदलून तो सुधारत नाही आणि बिघडतही नाही.

आता खरी मेख. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतला 'ऱ्ह' लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात. कोणी ऱ (०९३१) आणि हलन्त, कोणी साधा र, हलन्त आणि मागे शून्य रुंदीचा जोडक (२००डी). दिसायला सारखंच. मायएसक्यूएलच्या युनिकोड_सीआय कोलेशनमध्ये हे जोडक तुलनेत धरलेच जात नाहीत. मजकूर कॉपी-पेस्ट करताना नको तिथे शिरलेले जोडक त्यामुळे आजवर कुणाला खटकले नाहीत. पोस्टग्रेसची बरोबरी बाइटवर चालते. आत लपलेला एक जोडक पुरतो, काउंटरवरची बाई नाव टाइप करते आणि सभासद मिळत नाही.

मराठी कॉलमला नियम सरळ आहे. र+हलन्त+जोडक याचं ऱ+हलन्त करा, उरलेले जोडक काढा, मग नॉर्मलाइझ फंक्शन चालवा (पोस्टग्रेस १३ पासून आहे, आपणहून एनएफसी करतं). नुक्ता वेगळा टाइप केलेला र त्याने ऱ होतो. कन्नड कॉलमला मात्र हाच झाडू फिरवू नका. कन्नडात हे अदृश्य वर्ण र कसा दिसावा आणि हलन्त उघडा दिसावा का ते ठरवतात. काढले तर छापील नाव बदलतं, आणि इथे ते कागद सरकारी कचेरीत जातात. मूळ कॉलम तसाच ठेवा, शोधासाठी वेगळा कॉलम बनवून त्यातूनच काढा.

गावाच्या नावांचंही याच वेळी बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, तुमच्या टेबलात बेळगाव, बेळगांव, बेळगावी तिन्ही असणार. गावांचा मास्टर करून कोड द्या, दोन्ही भाषांतली नावं त्यात. मजकुरावर ग्रुप बाय करणारे रिपोर्ट तेवढेच सुधारतील.

यादीचा क्रम: डेटाबेस सी कोलेशनवर असेल तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, क्ष हा क मध्ये जातो. सभासद यादीत मराठी क्रम हवा असेल तर ऑर्डर बायला एमआर-एक्स-आयसीयू कोलेशन लावा, कन्नड कॉलमला केएन-एक्स-आयसीयू. आणि नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधत असाल तर साधा इंडेक्स सी सोडून इतर कोलेशनमध्ये लाइकला उपयोगी पडत नाही, टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स लावलेला वेगळा इंडेक्स बांधा.

निपाणी_पीएचपी

खूप आभार सगळ्यांचे. चाचणीच्या मशीनवर ओतून बघितलं. नावांत १८ आणि ३७ वाल्या ओळी खरंच निघाल्या, २०१६ च्या आधीच्या सगळ्या. त्या दुरुस्त केल्या. दोन गोष्टी अडल्यात.

एक, पिग्मी एजंटाच्या मशीनची फाइल चढवताना पूर्वी एखादी पावती आधीच असली तर ट्राय-कॅचमध्ये ती सोडून पुढची घ्यायचो. आता पहिल्या डुप्लिकेटनंतर प्रत्येक ओळीला 'करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड' येतंय आणि काहीच चढत नाही.

दोन, खातेउतारा मायएसक्यूएलवर लगेच यायचा, आता ८-१० सेकंद. ॲनालाइझ केलंय.

उद्यमबाग_डीबीए

दुसरं आधी, ते एका ओळीचं. इनोडीबी फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स स्वतः बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. पिग्मीच्या नोंदींत खाते_आयडीवर इंडेक्सच नसणार, ९० लाख ओळी वाचल्या जातायत. एक्स्प्लेनमध्ये 'सेक स्कॅन' दिसेल. (खाते_आयडी, तारीख, आयडी) असा जोड इंडेक्स बांधा, उताऱ्याचा ऑर्डर बायही त्यातच भागेल. बाकीच्या फॉरेन की शोधून त्यांनाही द्या, नाहीतर मास्टरमधली एक ओळ डिलीट करतानाही पूर्ण टेबल चाळलं जातं.

पहिलं. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक स्टेटमेंट फसलं की पूर्ण ट्रान्झॅक्शन निकामी होतं, रोलबॅक होईपर्यंत पुढचं काही घेत नाही. मायएसक्यूएल फक्त तेवढं स्टेटमेंट टाकून पुढे जायचं. तुमच्या कामाला इन्सर्टऑरइग्नोर योग्य, ते इथे 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' बनतं. (एजंट कोड, पावती क्रमांक, तारीख) यावर यूनिक इंडेक्स हवाच, नाहीतर टक्कर कशाशी होणार? फरक एवढाच की मायएसक्यूएलचं इग्नोर लांब मजकूर कापणं, चुकीची तारीख असल्या चुकाही गिळायचं. पोस्टग्रेस फक्त डुप्लिकेट सोडतं, बाकी चुकांवर थांबतं. थांबू दे. किती ओळी गेल्या ते फंक्शनच परत देतं, फाइलमधल्या संख्येतून वजा करून एजंटाला दाखवा.

एकेक ओळ सांभाळून घ्यायची असेल तर आतला डीबी::ट्रान्झॅक्शन सेव्हपॉइंट बनतो, त्यात घाला. हजार ओळींना ठीक आहे.

डू नथिंग झालं तरी सिक्वेन्सचा आकडा खर्च होतो, म्हणजे आयडीत खाचा पडणार. पावतीचा किंवा व्हाउचरचा छापील क्रमांक आयडीवरून घेत असाल तर ऑडिटर विचारेल. त्यासाठी शाखा आणि आर्थिक वर्षाप्रमाणे वेगळं काउंटर टेबल, सिलेक्ट फॉर अपडेटने ओळ धरून.

खानापूर_लिनक्स

सोमवारी सकाळी तिन्ही शाखा एकदम उघडतात, तेव्हा जोडण्या मोजून ठेवा. मॅक्स_कनेक्शन्स १०० असतं, त्यातल्या ३ सुपरयुजरच्या. एफपीएमचे मॅक्स_चिल्ड्रन, क्यूचे वर्कर आणि वसुलीवाल्या ॲपच्या जोडण्या मिळून ९० च्या आत ठेवा. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीला एक प्रोसेस देतं, आकडा ५०० करून सुटका नाही. शेअर्ड_बफर्स १२८ एमबीवर असतं, १६ जीबीच्या मशीनला ४ जीबी द्या.

चिकोडी_बॅकएंड

रविवारचा क्रम सांगतो, आता जायचंच ठरलंय तर.

आधीच्या दोन रविवारी पूर्ण रंगीत तालीम करा, घड्याळ लावून. ओतणं, इंडेक्स, ॲनालाइझ, तपासणी यांना लागलेला वेळ लिहून ठेवा. त्यात चार तासांची फट राहिली नाही तर तारीख पुढे ढकला.

शनिवारी दिवसअखेर झाल्यावर ॲप मेंटेनन्स मोडवर. क्यू आणि क्रॉनही बंद, हे दोघं विसरले जातात. मायएसक्यूएलवर सुपर_रीड_ओन्ली चालू करा, म्हणजे मागच्या दाराने कोणी लिहिणार नाही. मग बॅकअप, तो दुसऱ्या मशीनवर.

ओतल्यावर नुसत्या ओळी मोजून समाधान मानू नका. शाखावार, महिनावार जमा आणि नावे यांच्या बेरजा दोन्हीकडे काढून फाइलमध्ये घ्या आणि डिफ मारा. मग ॲपमधून तेरीज (ट्रायल बॅलन्स) दोन्ही डेटाबेसवर काढा, गेल्या ३१ मार्चची आणि शनिवारची. बेरजा जुळून तेरीज फसली तर डेटा बरोबर आणि क्वेरी चुकीची, हे लगेच कळतं. व्याजाची तरतूद वेगळी काढून बघा, वरचा भागाकार तिथेच पकडला जातो. प्रत्येक शाखेची वीस खाती निवडा, उतारा कागदावर छापा आणि ओळ न् ओळ ताडा. त्यात एक मुदतीआधी मोडलेली ठेव, एक मयत सभासद, एक 'ऱ्ह'वालं आडनाव आणि एक फक्त कन्नडात नाव असलेलं खातं असू दे.

परतीचा रस्ता सोमवारी पहिली पावती फाटेपर्यंतच आहे. तोवर एन्व्ह फाइल जुन्यावर वळवली, सुपर_रीड_ओन्ली काढलं की झालं. एकदा नव्या डेटाबेसात व्यवहार पडले की मागे जायचं म्हणजे ते हाताने परत मारणं. म्हणून पहिला तास फक्त निपाणी शाखा उघडा, बाकी दोन शाखांना ११ ची वेळ आधीच सांगून ठेवा. जुनं मशीन रीड-ओन्लीवर पुढची ३१ मार्च होईपर्यंत चालू राहू दे, पण लॅनमधून फक्त तुमच्याच आयपीला उघडं.